दर गुरुवारी वर्ध्याला

माझी नणंद गेली तेव्हा गाडी मी चालवत होते. हे साधं वाक्य सलग म्हणता यायला मला दीड वर्ष लागलं. आणि पहिल्यांदा म्हटलं तेही घरात नाही, तर वर्ध्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत, एका परक्या बाईसमोर.

आम्ही वडनेरचे. घरात सासूबाई, नवरा, नणंद आणि मी. नवरा जवळच्या गावात शिक्षक आहे, मी हिंगणघाटला एका कार्यालयात लिपिक. नणंद माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लग्न होऊन आले तेव्हा मला दुचाकी येत नव्हती. तिनंच शाळेच्या मैदानावर शिकवली. मागून धावत यायची आणि ओरडायची, "वहिनी, ब्रेक दाब! अवं ब्रेक! सारं गाव पाहून राह्यलं!" मी पडले की मला उचलायच्या आधी हसून घ्यायची. सासरच्या घरात माझी पहिली मैत्रीण तीच.

तिचं नर्सिंग झालं होतं. नोकरी जवळजवळ मिळाल्यात जमा होती, फक्त कागदपत्रं तपासायला नागपूरला बोलावलं होतं. त्या दिवशी सकाळची बस चुकली. मी तिला गाडीवर हिंगणघाटला नेलं, तर तिथलीही नुकतीच निघून गेलेली. ती म्हणाली, "जामच्या फाट्यावर चाल ना वहिनी. तिथं चंद्रपूरकडच्या बी गाड्या भेटतात."

मी म्हटलं, "मग आता तू चालव."

"तूच चालव. मले एकदा फाइल पाहू दे."

हेल्मेट एकच होतं. मी ते तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "जो चालवते त्यानं घालाव. आन् माये केस नको बिघडवू, तिथं फोटो काढतीन." मी ते माझ्या डोक्यावर घातलं.

जामच्या थोडं अलीकडे डाव्या बाजूच्या तुरीतून रोही आडवा आला. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. शेतकऱ्यांना तो रोजचाच, मीही शंभरदा पाहिलेला. तेव्हा मात्र समोर एकदम मोठं काहीतरी करडं उभं राहिलं आणि पाठोपाठ लोखंड डांबरावर घासत गेल्याचा आवाज आला. माझं मनगट मोडलं. तिला दवाखान्यात पोचवेपर्यंत ती राहिली नाही.

घरात मला कोणी एक शब्द बोललं नाही. नातेवाईक म्हणायचे, सासू किती समजदार भेटली तुला. खरंच होतं ते. हाताला प्लास्टर होतं तोवर सासूबाई माझी वेणी घालून द्यायच्या, भाकरी कुस्करून वाढायच्या. फक्त माझ्या तोंडाकडे पाहायच्या नाहीत. नवऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात गाडी कुठेतरी नेऊन सोडली. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नणंदेचं नाव घरातून गेलं. तिचा फोटो बुद्धमूर्तीशेजारी लागला आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागले.

तीन-चार महिन्यांनी कार्यालयात एक लोखंडी कपाट हलवायचं होतं. शिपायानं ते फरशीवरून ओढलं आणि मला श्वास घेता येईना. हातपाय गार पडले, छातीत असं धडधडायला लागलं की मी टेबल धरून खाली बसले. सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो चांगला निघाला. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. नंतर ते कधीही व्हायला लागलं. रस्त्याच्या कडेला गाय उभी दिसली तरी, कुणी पातेलं ओट्यावर सरकवलं तरी. मी बसमध्ये खिडकीशी बसेना. नवऱ्याशी बोलायला तोंड उघडलं की घसा आवळायचा, म्हणून बोलणंच सोडलं. आम्ही दोघं एका घरात असे वावरायचो की जणू भाड्याच्या खोलीत दोन अनोळखी माणसं आहेत आणि एकमेकांची अडचण होऊ नये म्हणून जपत आहेत.

नवऱ्याच्या एका सहकाऱ्यानं नागपूरच्या समुपदेशकांचं नाव सुचवलं. आम्ही गेलो. छान गार खोली, भिंतीवर चित्रं. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. पण त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय?" याचं उत्तर मला देता येईना. मी विचार करत होते सासूबाईंचा, ज्यांची पोटची पोर गेली होती. त्या बाईंनी सुचवलं की काही काळ घरच्यांपासून अंतर ठेवा, जमलं तर वेगळं राहून पाहा. मग डोळे मिटायला सांगितले. "तुम्ही समुद्रकिनारी आहात. लाटांचा आवाज ऐका."

मी समुद्र पाहिलेला नव्हता. सिनेमातला आठवायचा प्रयत्न केला, पण तिथे एक नट पळत होता. बाहेर आल्यावर मला रडू आलं. ज्या दोन माणसांचं तेच माणूस गेलं होतं जे माझं गेलं होतं, त्यांनाच सोडून जा, असं मला सांगितलं गेलं होतं. मी पुन्हा गेले नाही.

वर्ध्याच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी दिला. त्या स्वतः तिथे जात होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी गुरुवारी अर्धी रजा टाकून हिंगणघाटहून वर्ध्याची बस धरली. बाई चाळिशीच्या असतील. चष्मा, सुती कुर्ता. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "बस लवकर भेटली काय? जेवून निघाल्या ना?" नंतर पाणी दिलं. नंतर घरात कोण कोण आहे ते विचारलं. मी म्हटलं, "चौघं." मग थांबले. "तिघं." त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. वहीत काय लिहिलं तेही पाहू दिलं नाही, पण पुढे कधीतरी दाखवलं. त्यांनी चौघं लिहिलं होतं.

त्या दिवशी त्यांनी अपघाताचं विचारलंच नाही. "जीव घाबरते तेव्हा आधी कुठं समजते? छातीत की पोटात?" असं विचारलं. मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर मला येत होतं. आधी तळहातात, मग घशात. किती घाबरतं ते दहापैकी आकड्यात सांगा म्हणाल्या, ते काही मला जमेना. मग त्यांनी विचारलं, "पाण्याचा गुंड किती भरला? बुडाशी, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत?" तेव्हापासून आमच्यात ते घागरीचंच माप चालतं. "गुंड गळ्यापर्यंत आला," मी म्हणायची, आणि त्या बोलणं थांबवून माझ्याबरोबर हळूहळू श्वास सोडायच्या.

डोळे मिटायला त्यांनीही सांगितलं, पण जागा मला निवडायला लावली. मी निवडली ती माहेरची कापसाची खोली. वेचणीच्या दिवसांत बाप घरातली एक खोली कापसानं छतापर्यंत भरायचा आणि आम्ही भावंडं वरून त्यात उड्या मारायचो. आत गेलं की बाहेरचा आवाज मऊ होऊन यायचा. सरकीचा वास, नाकातोंडात तंतू. तिथे माझा श्वास संथ झाला.

पण सगळं सरळ झालं असं नाही. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "वर्षश्राद्ध झालं असेल ना? कधी कधी माणसं पितृपक्षात गेलेल्यांना काही बोलतात, त्यानं मन हलकं होतं."

मी आतल्या आत मिटून गेले. म्हटलं, "आमच्यात नसतं ते. आम्ही बौद्ध आहोत."

त्यांचा चेहरा किंचित बदलला. तास संपला, मी निघाले. बसमध्ये ठरवून टाकलं की झालं हेही. ज्यांनी असा प्रश्न कधी ऐकला नसेल त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण लहानपणापासून कुठेही गेलं की समोरचा माणूस आपल्याला त्याच्यासारखाच धरून चालतो. नाही म्हटलं की त्याच्या नजरेत काहीतरी सरकतं, आणि पुढचं सगळं बोलणं त्या सरकण्याला सांभाळत करावं लागतं. कॉलेजच्या वसतिगृहात मी ते तीन वर्षं सांभाळलं होतं. जिथे रडायला जायचं तिथेही ते सांभाळायची माझी ताकद नव्हती.

तरी पुढच्या गुरुवारी गेले. कशाला गेले, मला नीट सांगता येणार नाही. मी खुर्चीवर टेकायच्या आतच त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी विचारल्याशिवाय गृहीत धरलं. ते माझं चुकलं. तुम्ही नाही आल्या असत्या तरी मला समजलं असतं." मग म्हणाल्या, "तुमच्यात काय करतात, ते मले सांगाल काय?"

शिकलेल्या, वयानं मोठ्या माणसानं माझ्यापाशी अशी चूक कबूल केल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मी सांगायला लागले. पुण्यानुमोदन म्हणजे काय, भंतेजी येतात, परित्राणपाठ होतो, जलदान करतात तेव्हा घरातली सगळी माणसं मिळून एका भांड्याला हात लावून पाणी ओततात, पेला भरून ताटात सांडेपर्यंत. केलेलं पुण्य गेलेल्याला मिळो, असं म्हणतात. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या आणि मी शिकवत होते. सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, "तिच्या पुण्यानुमोदनाले मी भांड्याले हात नाई लावला. मी खोलीत कडी लावून बसली होती." आणि मग, "कारण गाडी मी चालवत होते. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं."

त्यांनी 'तुमची चूक नाही' असं म्हटलं नाही. ते मला आधी खूप जणांनी म्हटलं होतं आणि दर वेळी मी आणखी एकटी पडले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "हे घेऊन तुम्ही दीड वर्ष चालून राह्यल्या." मग आम्ही ती सकाळ पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, थांबत थांबत, कितीतरी गुरुवार. त्यांच्या मते ती सकाळ माझ्या आत सुट्या तुकड्यांनी पडलेली होती, म्हणून कुठलाही आवाज आला की एखादा तुकडा टोचत होता. सगळी एका दोरीत ओवली की ती आठवण होईल. दुखेल, पण आठवणीसारखी दुखेल.

सासूबाईंना मी हाताचा डॉक्टर म्हणून सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, "खरं सांगितलं तर काय होईल?" मी म्हटलं, सून पागल झाली म्हणतील. त्या म्हणाल्या, सांगायचंच असं नाही, पण सांगायचं ठरवलं तर कोणत्या शब्दांत सांगाल ते इथे म्हणून पाहा. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. घरी जाऊन, सासूबाई तांदूळ निवडत होत्या तिथे बसले. म्हटलं, "आई, मी दर गुरुवारी हातासाठी नाई जात. माझा जीव घाबरते, त्याच्यासाठी जाते. तिथं एक बाई आहेत, बोलून बरं वाटते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मग मले काऊन नाई सांगतलं? जीव का तुया एकटीचाच घाबरते?"

पुढच्या गुरुवारी त्या नवं लुगडं नेसून माझ्याआधी बसस्टॉपवर उभ्या होत्या.

खुर्चीवर त्यांना बसवेना. खाली फरशीवर बसल्या. बाई उठल्या, एक सतरंजी आणली आणि स्वतःही खाली बसल्या, मग मीही. सासूबाईंनी बराच वेळ खोली पाहून घेतली. बाईंच्या माहेराची, लेकरांची चौकशी केली. आणि मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाल्या, "त्या दिवशी बस मायामुळं चुकली."

त्यांनी लुगड्याचा पदर सावरला.

"मी तिखट पुऱ्या तळत होती. पोरगी म्हणे, आई गाडी जाते. मी म्हटलं, जाऊ दे गाडी, दुसरी येईन, उपाशी नाई जायाचं. दोघींच्या ताटात वाढल्या, खाऊ घातल्या, मंग सोडल्या." त्यांनी माझ्याकडे बोट केलं, पण बोलल्या बाईंशी. "हिच्या तोंडाकडे पाह्यलं का मले थ्या पुऱ्याच दिसतात. हिलेच वाढल्या होत्या ना. म्हणून मी पाहत नाई."

मला वाटत होतं, त्या माझ्याकडे पाहत नाहीत कारण त्यांना माझ्यात त्यांच्या मुलीला मारणारी दिसते. दीड वर्ष मी हे पक्कं धरून चालले होते.

बाईंनी हळूच विचारलं, "हे आधी कोणाले सांगितलं होतं?"

"कोणाले सांगू? पोरगा बोलतच नाई. हिले सांगतलं तर हीच मले समजावत बसन. इचाच हात मोडला, आन् मी रडू?"

मी सरकून त्यांच्याजवळ गेले. आम्ही दोघी तिथे रडलो, ते सांगण्यासारखं काही नाही. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी वायगावच्या थांब्यावर खिडकीतून संत्री घेतली, सोलून एकेक फोड मला दिली, आणि माझ्याकडे सरळ पाहून विचारलं, "मनगट थंडीत दुखते काय अजून?"

नवरा मात्र येईना. एकदा आला तो बंगल्याबाहेरच्या कडुलिंबाखाली मोटारसायकल लावून बसला, आत आला नाही. मी बाईंना म्हटलं, त्याच्याशी बोलायचं कसं? त्या म्हणाल्या, "बोलायचं राहू द्या. आधी तुम्ही दोघं मिळून काय करायचे?" खूप आठवावं लागलं. हिवाळ्यात आम्ही अंगणात बसून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायचो, बस्स. "मग ते करा. दहा मिनिटं. बोलायची अट नाही."

शेंगांचेच दिवस होते. मी पातेलं घेऊन अंगणात बसले. तो आला, बसला. पहिले दोन-तीन दिवस फक्त टरफलं जमली. चौथ्या दिवशी तो टरफलांकडे पाहत म्हणाला, "मी तुझ्यावर चिडलो होतो."

त्यानं आणखी एक शेंग सोलली.

"काही महिने. मला माहीत होतं की तुझ्या हातात काही नव्हतं. तरी चिडलो होतो. तुला काय सांगू? बायकोचा हात गळ्यात आणि मी चिडलेला. मला माझीच लाज वाटे, म्हणून बोललोच नाही."

"आता?"

"आता नाही. आता फक्त ती पाहिजे होती असं वाटते."

लोकांना नवल वाटेल, पण त्याचं ते 'चिडलो होतो' ऐकून माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. सगळे म्हणत होते कोणी रागावलेलं नाही, आणि माझ्या अंगाला तो राग घरात जाणवत होता. मला वाटे मीच वेडी आहे. तो होता. मला भास होत नव्हता. आणि तो आता गेला होता, हेही मग विश्वास ठेवण्यासारखं झालं. त्या संध्याकाळी त्यानं मला सांगितलं की गाडी त्याच्या मित्राच्या शेतातल्या खोलीत आहे, विकायला मन झालं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पुण्यानुमोदनाला मी भांड्याला हात लावला. एका बाजूनं सासूबाईंचा हात, दुसऱ्या बाजूनं नवऱ्याचा. पाणी सांडलं. नंतर गावातले लोक दोन शब्द बोलतात तसे बोलले, बहुतेक तिच्या स्वभावाबद्दल, अभ्यासाबद्दल. मीही उठले आणि ती मैदानावर माझ्यामागे कशी ओरडत धावायची ते सांगितलं. लोक हसले. पुण्यानुमोदनात हसू येईल असं मला वाटलं नव्हतं.

जामचा रस्ताही टप्प्याटप्प्यानं केला. आधी बसमधून खिडकीशी बसून, मग नवऱ्याबरोबर जामला उतरून चहा पिऊन, मग एके दिवशी दुपारी नेमक्या त्या जागी उभं राहून. तिथे तेव्हा तूर नव्हती, हरभरा होता. गुंड गळ्यापर्यंत आला, आणि उभी राहिले तशी कमरेपर्यंत उतरला. बुडाशी गेला नाही. बाई म्हणाल्या, तेवढा चालेल.

आज मी गावात गाडी चालवते, हायवेवर नाही. तिथे पुन्हा कधी चालवेन की नाही, माहीत नाही. लोखंड घासलं की अजूनही तळहात गार पडतात, पण मला कळतं की हा आवाज आत्ताचा आहे. वर्ध्याला आता महिन्यातून एकदा जाते.

सासूबाई मात्र गेल्या महिन्यात माझ्याशिवाय जाऊन आल्या. आमच्या गल्लीतली एक बाई नवरा गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हती, दाराशी कोणी आलं तरी दचकायची. तिच्या पोरी तिला बाहेरची बाधा म्हणून कुठेकुठे नेत होत्या. सासूबाई तिच्या घरी जाऊन बसल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, पण गुरुवारी ती त्यांच्याबरोबर बसस्टॉपवर होती. मी कार्यालयात निघाले होते. ती बाई विचारत होती, "थ्या बाई आत काय करतात वं? सुई देतात?"

"नाई वं. आधी पाणी देतात," सासूबाई म्हणाल्या. "जेवली काय म्हणून इचारतात. खुर्चीवर बसायचं नसन तर खाली बसजो. बोलावसं वाटलं तर बोलजो, नाई वाटलं तर नको बोलू. मी भाईर बसलेलीच राहीन."

बस आली. त्यांनी आधी तिला चढवलं, मग स्वतः चढल्या, आणि तिला खिडकीची जागा दिली.